आमची लीग भारी, मग आमची टीम घरी का?

२०२६ च्या १९ जानेवारीच्या रात्री अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या नॅशनल फायनलला इंडियानाने मायामीला २७-२१ हरवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून जे मेसेज यायला लागले ते अजून थांबायचं नाव घेत नाहीत. खरं सांगायचं तर यातले अर्धे प्रश्न नव्हतेच, नुसता राग होता आणि शेवटी एक प्रश्नचिन्ह लावलेलं. जे खरे प्रश्न होते ते घेतलेत, आणि रागातलेही दोनतीन घेतलेत कारण ते राग अगदीच बिनबुडाचे नव्हते. नावं कुणाचीच छापत नाहीये, सोमवारी सगळ्यांना ऑफिसात जायचं असतं.

प्रश्न: मुलीकडे कोलंबसला सहा महिन्यांसाठी आलोय. शनिवार आला की जावई, मुलगी, नातू सगळे टीव्हीसमोर बसून ओरडतात. खेळ थोडाथोडा कळायला लागलाय, चार संधीत दहा यार्ड पुढे जायचं वगैरे. पण ही कॉन्फरन्स काय भानगड आहे? आणि ‘बिग टेन’मध्ये अठरा टीम कशा? — एक आजोबा

आजोबा, तुम्ही बरोबर दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांनी मिळून केलेला गट, आपापसात मॅच खेळायच्या, गटाचा एक चॅम्पियन ठरवायचा आणि टीव्हीचे पैसे वाटून घ्यायचे. आधी हे गट भूगोलावर होते, म्हणजे बसने जाऊन खेळून परत येता येईल इतपत. आता ते टीव्हीच्या करारांवर आहेत. म्हणून लॉस एंजेलिसची युएससी आणि युसीएलए, वर ओरेगॉन आणि वॉशिंग्टन, हे सगळे २०२४ पासून बिग टेनमध्ये, जी मुळात मिडवेस्टची लीग. म्हणून अठरा. बिग ट्वेल्व्हमध्ये सोळा आहेत. आणि स्टॅनफर्ड, जिथून पॅसिफिक महासागर गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर आहे, ती आता ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’मध्ये खेळते. हसू नका, त्यांना सवय झालीय.

मुख्य गट चार धरा: एसईसी (दक्षिणेकडची), बिग टेन, बिग ट्वेल्व्ह, एसीसी. बाकीचे छोटे. आणि एक नोटर डॅम, जी फुटबॉलपुरती कुणाच्याच गटात नाही, तिचं नंतर येतंच.

जाता जाता, घरात चुकूनही मिशिगनचं, म्हणजे कोलंबसच्या ओहायो स्टेटच्या कट्टर वैऱ्याचं, कौतुक करू नका. परतीचं तिकीट लवकरचं निघेल.

प्रश्न: मी अटलांटात राहते. नवरा जॉर्जियाला शिकला. डिसेंबरमध्ये एसईसीच्या फायनलला अलाबामाला २८-७ धुतलं तेव्हा हा माणूस सोफ्यावर उभा राहून नाचला. आणि १ जानेवारीला रोझ बोलमध्ये, म्हणजे नॅशनल किताबाच्या क्वार्टरफायनलला, तीच अलाबामा इंडियानाविरुद्ध खेळत होती तर हा चक्क अलाबामाच्या बाजूने! विचारलं तर म्हणे, ‘अगं ती आपली लीग आहे.’ हे नॉर्मल आहे का?

ताई, दक्षिणेत अगदी नॉर्मल आहे, इतरांना मात्र वेड लागल्यासारखं वाटतं. एसईसीची टीम बाहेरच्या कुणाला हरवायला लागली की स्टेडियममध्ये ‘एस! ई! सी!’ असा घोष सुरू होतो, स्वतःच्या कॉलेजचं नाव सोडून लीगचं नाव. ही सवय लागायला कारणही तसं होतं. २००६ ते २०१२ सलग सात वर्षं नॅशनल चॅम्पियन एसईसीचा, आणि २००६ ते २०२२ ही सतरा वर्षं मोजली तर त्यातले तेरा किताब त्यांचे. अशा वेळी तुमच्या नवऱ्यासारखा फॅन काय म्हणतो, आम्ही अलाबामाकडून हरलो म्हणजे जगातल्या बेस्ट टीमकडून हरलो, म्हणजे आम्ही दुसरे बेस्ट! पराभवाचा हा हिशोब किती सोयीचा आहे बघा. शेजाऱ्याचा मुलगा बोर्डात पहिला आला तर आपली आळी हुशार.

पण मग त्या शेजाऱ्याच्या मुलालाच बाहेरच्याने धुतलं की तो हिशोब उलटा फिरतो. इंडियानाने अलाबामाला ३८-३ हरवलं. जॉर्जियाला तर त्याच रात्री नंतर ओल मिसने शुगर बोलमध्ये ३९-३४ घरी पाठवलं, म्हणजे लीगमधल्याच टीमने, त्यामुळे ते दुःख घरातल्या घरात राहिलं. अलाबामाचं मात्र चव्हाट्यावर आलं. त्या रात्री तुमचा नवरा अलाबामासाठी रडत नव्हता हो, तो स्वतःच्या डिसेंबरच्या विजयाची किंमत घसरताना बघत होता. त्याला चहा करून द्या.

प्रश्न: सरळ विचारतो. एसईसी संपली का?

नाही. पण ‘एसईसी म्हणजे बाय डिफॉल्ट बेस्ट’ हे संपलं.

आता एवढ्यावर सोडलं तर तुम्ही परत मेसेज कराल म्हणून हिशोब देतो, मी वहीत मांडून ठेवलाय. बारा टीमचा प्लेऑफ, म्हणजे नॅशनल चॅम्पियन ठरवायच्या नॉकआउट मॅच, २०२४ च्या सीझनपासून सुरू झाला. या दोन वर्षांत एकाच लीगच्या टीम एकमेकांशी खेळल्या त्या मॅच बाजूला काढा आणि फक्त बाहेरच्यांशी काय झालं ते बघा. बिग टेन: ९ जिंकल्या, ३ हरल्या. एसईसी: ३ जिंकल्या, ६ हरल्या. त्यातही गेल्या सीझनला एसईसीच्या पाच टीम आत होत्या, बारातल्या पाच, आणि बाहेरच्यांवर त्यांचा विजय एकच, ओल मिसचा टुलेनवर. टुलेनला कमी लेखत नाही, पण तो काही मोठ्या चार लीगमधला संघ नाही. आणि दोन्ही लीग समोरासमोर तीनदा आल्या, ओहायो स्टेटने टेनेसीला ४२-१७ आणि टेक्ससला २८-१४, मग इंडियानाने अलाबामाला. तीनपैकी तीन बिग टेन.

हे आकडे घेऊन एखादा बिग टेनवाला तुमच्याकडे छाती काढून आला तर त्याला एकच विचारा, यातली तुझी टीम कुठली? कारण ते नऊ विजय फक्त चार टीमचे आहेत: ओहायो स्टेट, पेन स्टेट, इंडियाना, ओरेगॉन. अठरातल्या चार. त्यातली ओरेगॉन २०२४ च्या आधी या लीगमध्ये नव्हतीसुद्धा. बाकी चौदा जण फुकटात ‘आमची लीग’ म्हणतायत, अगदी तुमच्या एसईसीवाल्यांसारखंच.

प्रश्न: पण बदललं काय नेमकं? कोच तेच, स्टेडियम तेच, पैसा तोच. माझा मुलगा म्हणतो सगळा पोर्टलचा, म्हणजे कॉलेज बदलू बघणाऱ्या खेळाडूंच्या यादीचा, खेळ आहे.

मुलगा हुशार आहे. थोडं लांबण लावतो कारण मला यातलं हेच सगळ्यात आवडतं.

जानेवारी २०१८ ची फायनल आठवा, अलाबामा विरुद्ध जॉर्जिया. हाफटाइमला अलाबामा १३-० मागे. कोच निक सेबन यांनी सीझनभर खेळलेला क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, जेलन हर्ट्सला बसवलं आणि टुआ टॅगोवायलोआ नावाचा पहिल्या वर्षाचा पोरगा उतरवला. ओव्हरटाइममध्ये आधी तो सॅक झाला, म्हणजे बॉल फेकायच्या आधीच पाडला गेला, दुसऱ्या डाउनला, म्हणजे चारपैकी दुसऱ्या संधीला, २६ यार्ड पाहिजेत अशी वाट लागलेली, आणि पुढच्याच बॉलवर त्याने ४१ यार्डचा टचडाउन फेकला. २६-२३, मॅच खलास. तेव्हा सगळे म्हणाले काय हिंमत त्या कोचची. हिंमत होतीच, पण मुळात बेंचवर असा पोरगा बसलेला असणं ही खरी ताकद होती. अलाबामा, जॉर्जिया, एलएसयू यांच्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या फळीत असे खेळाडू असायचे जे दुसरीकडे कुठेही पहिल्या दिवसापासून खेळले असते. ते का बसायचे, तर कॉलेज बदललं की साधारण एक वर्ष बाहेर बसावं लागायचं आणि पैसे तर अधिकृतपणे कुणालाच नव्हते, मग थांबलेलं काय वाईट.

२०२१ मध्ये हे दोन्ही उडालं. कॉलेज बदलून त्याच वर्षी खेळायची मुभा मिळाली आणि जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावता यायला लागलं. आता बेंचवरचा पोरगा डिसेंबर-जानेवारीत बॅग भरतो. २०२५ च्या जुलैपासून तर कॉलेजंच खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरच्या मर्यादेत. त्यामुळे झालं काय, वरच्या पाचसहा टीमची दुसरी फळी सगळ्या देशात सांडली.

आणि ती सर्वांत शहाणपणाने कुणी वेचली? इंडियानाने. २०२३ ला यांचा रेकॉर्ड होता ३ विजय, ९ पराभव, बास्केटबॉलचं राज्य, फुटबॉलला लोक गार्डन पार्टीसारखे यायचे. कर्ट सिग्नेटी कोच म्हणून आले, जेम्स मॅडिसन नावाच्या छोट्या कॉलेजातून, येताना तिथले बरेच खेळाडू घेऊन आले, आणि कुणीतरी विचारलं लोकांना कसं पटवणार तर म्हणाले मी जिंकतो, गुगल करा. लोक हसले. मीही हसलो होतो, कबूल. पुढे क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा पोर्टलमधून आला, कॅलिफोर्नियाच्या बर्कलीतून. त्याला हाइझमन, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी, मिळाली, टीम १६-०.

फायनलमधला तो एक बॉल मी किती वेळा परत बघितला देव जाणे. चौथा क्वार्टर, इंडियाना १७-१४ पुढे, चौथा डाउन, टचडाउनला १२ यार्ड. किक मारून तीन पॉइंट घ्यायचे हे शहाणपणाचं, किकची माणसं मैदानात आलीसुद्धा होती. सिग्नेटींनी टाइमआउट घेतला, त्यांना परत बोलावलं आणि बॉल मेंडोझाच्या हातात ठेवला. तो पळाला, दोघातिघांना धडकला, गिरकी खाल्ली आणि शेवटी सगळं अंग लांबवून बॉल रेषेपलीकडे टेकवला. ओठ आधीच फुटलेला. तो मूळचा मायामीचाच पोरगा, स्टेडियम मायामीचं, समोर मायामीची टीम. माझ्याशेजारी बसलेला मित्र, जो इंडियानाचा कुणी लागत नाही, तो उभा राहून टाळ्या वाजवत होता.

पैसा असला की झालं असंही नाही हं. टेक्सस टेकने गेल्या वर्षी पोर्टलमध्ये जोरदार खरेदी केली, बिग ट्वेल्व्ह जिंकली, थेट क्वार्टरफायनलला गेले आणि ओरेगॉनने त्यांना २३-० कोरडं ठेवलं. शून्य!

प्रश्न: नोटर डॅमवर अन्याय झाला की नाही, हो की नाही मध्ये उत्तर द्या. सलग दहा मॅच जिंकून प्लेऑफच्या बाहेर आणि तीन हरलेली अलाबामा आत!

हो. आणि नाही.

रागावू नका, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मायामीपुढे तुमचा दावा कच्चा होता. दोघे १०-२, आणि सीझनच्या पहिल्याच मॅचला मायामीने तुम्हाला २७-२४ हरवलेलं. निवड समिती दर मंगळवारी टीव्हीवर क्रमवारी सांगायची त्यात आठवड्यामागून आठवडे तुम्ही वर आणि मायामी खाली, आणि शेवटच्या रविवारी, दोघांपैकी कुणी त्या आठवड्यात खेळलंही नसताना, उलटापालट. मध्ये असलेली बिग ट्वेल्व्हमधली बीवायू हरून खाली गेली, तुम्ही दोघे शेजारीशेजारी आलात आणि मग म्हणे आता समोरासमोरचा निकाल बघू. अहो निकाल ऑगस्टमध्येच लागला होता! शेवटचं उत्तर बरोबर, पण पाच आठवडे चुकीचं उत्तर छापत राहिले, त्याचा राग येणारच. मायामी पुढे फायनलपर्यंत गेली, वाटेत ओहायो स्टेटला २४-१४ हरवून, म्हणजे समितीला कुणी काही बोलायची सोय राहिली नाही.

अलाबामाचं मात्र मला अजून पटलेलं नाही. कॉन्फरन्स फायनलला २८-७ हरूनही त्यांचं स्थान एक घरही खाली गेलं नाही. तिकडे बीवायू तिच्या फायनलला हरली तर खाली. समिती म्हणते लीग अवघड आहे. तेच तर म्हणतोय मी, लीगचं नाव मार्कांत धरलं जातं.

आणि बोल गेम, म्हणजे प्लेऑफबाहेरच्यांना मिळणारी सीझनअखेरची मॅच, खेळायलाच नकार देऊन नोटर डॅमने सहानुभूतीही घालवली हे माझं मत. शेवटच्या वर्षाच्या पोरांना एक मॅच मिळाली असती.

प्रश्न: छोट्या टीम प्लेऑफला घेऊन काय मिळतं? टुलेन ४१-१०, जेम्स मॅडिसन ५१-३४. वेळ फुकट.

२०२५ च्या सीझनपर्यंत नियम असा होता की क्रमवारीत सर्वांत वरच्या पाच कॉन्फरन्स चॅम्पियनना जागा पक्की. गेल्या वर्षी एसीसीची फायनल ड्यूकने जिंकली, पाच मॅच हरलेली ड्यूक, त्यामुळे ती त्या पाचात बसली नाही आणि छोट्यांपैकी दोघांना दार उघडलं. म्हणजे राग काढायचा तर एसीसीवर काढा.

बाकी एकतर्फी मॅचचं म्हणाल तर त्यासाठी छोटं असावं लागत नाही. २०२२ च्या सीझनची फायनल जॉर्जिया ६५, टीसीयू ७. आणि २०२३ ला अपराजित फ्लोरिडा स्टेटला क्वार्टरबॅक जखमी म्हणून बाहेर ठेवलं, ते चिडले, कित्येक खेळाडू पुढच्या मॅचला उतरलेच नाहीत आणि ऑरेंज बोलला ६३-३ हरले. शिवाय ज्या कॉलेजला तुम्ही वेळ फुकट म्हणताय तिथूनच इंडियानाचा कोच आलाय, एवढं लक्षात असू द्या.

प्रश्न: मी ओहायो स्टेटचा. तुम्ही मागे लिहिलं होतंत की फॅनची पहिली प्रतिक्रिया कधीच मनावर घेऊ नये. का बरं?

तुम्हीच विचारताय? बरं, माझ्या शेजाऱ्याची गोष्ट सांगतो, तोही तुमच्यातलाच. ३० नोव्हेंबर २०२४, घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० हरलात. मिशिगनच्या पोरांनी मैदानाच्या मध्यावर झेंडा रोवायला घेतला, मारामारी झाली, पोलिसांना स्प्रे मारावा लागला. मॅच संपल्यावर अर्ध्या तासात शेजारी बाहेर आला, पोर्चवरचा झेंडा काढला, व्यवस्थित घडी घातली, म्हणजे रागात गोळा नाही केला हं, चादरीसारखी चार कोपरे जुळवून घडी, आणि मला म्हणाला, या कोचला आज रात्रीच काढायला पाहिजे. रायन डे यांच्याबद्दल त्या आठवड्यात सगळं शहर हेच म्हणत होतं.

तीन आठवड्यांनी टेनेसी कोलंबसला आली. तिकिटं विकून मोकळे झालेले इतके लोक होते की स्टेडियममध्ये टेनेसीच्या नारिंगी रंगाचे पट्टेच्या पट्टे दिसत होते, थंडी हाडं फोडणारी. पहिल्या क्वार्टरला ओहायो स्टेट २१-० पुढे. झेंडा घडीतच. मग ओरेगॉन ४१-२१, टेक्सस, आणि २० जानेवारीला अटलांटात नोटर डॅम ३४-२३. दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडा पोर्चवर, घड्यांच्या रेषा तशाच उमटलेल्या. मी कोचचा विषय काढला तर म्हणाला, ‘आमचा विश्वास होताच.’

प्रश्न: पहिल्या फेरीला सुट्टी मिळणं चांगलं की वाईट?

दोन वर्षांत आठ टीमना मिळाली, सात त्यांच्या पुढच्याच मॅचला हरल्या. जिंकलेली आठवी इंडियाना. तीनचार आठवडे न खेळता बसलं की अंग गार पडतं असं म्हणतात, मला ते बऱ्यापैकी पटतं, पण आठ मॅचवरून नियम काढायचा नसतो. घरच्या मैदानावरची पहिली फेरी मात्र फॅनसाठी सोनं. तेही दरवेळी जिंकून देतं असं नाही, गेल्या वर्षी टेक्सस एएंडएम आणि ओक्लाहोमा दोघे घरच्यांसमोरच हरले.

प्रश्न: मी कॉर्व्हॅलिसला ओरेगॉन स्टेटमध्ये शिकलो. आमची पॅक-१२ विकून खाल्ली सगळ्यांनी. दोनच टीम उरलो, आम्ही आणि वॉशिंग्टन स्टेट. कोण भारी, एसईसी की बिग टेन, हे वाद वाचून पोटात गोळा येतो. आम्ही कुणाकडे बघायचं?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सगळे हिशोब मांडताना मलाही तुम्ही आठवला नव्हतात, हे खरं. दहा टीम गेल्या. चार बिग टेनला, चार बिग ट्वेल्व्हला, दोन एसीसीला. बिग टेनचे जे नऊ विजय मी वर मोजले त्यातले ओरेगॉनचे विजय मुळात तुमच्या लीगमधून उचलून नेलेले आहेत. ताकद कुठे उगवली नाही, जागा बदलली. आणि तुम्ही कमी खेळला होतात म्हणून नाही, टीव्हीचा करार जमला नाही म्हणून.

२०२६ ला बॉइसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट वगैरे येऊन पॅक-१२ परत उभी राहतेय. ती जुन्यासारखी नसेल. पण बॉइसी स्टेट पहिल्याच बारा टीमच्या प्लेऑफला तिसरं मानांकन घेऊन गेली होती, म्हणजे अगदीच कुणी सोम्यागोम्या येत नाहीये.

तोवर प्लेऑफला कुणाच्या बाजूने ओरडायचं म्हणाल तर ओरेगॉन सोडून कुणीही, आणि हे तुम्ही मला विचारायच्या आधीच ठरवलेलं आहे.